वरच्या तुकड्याची गप्प वर्षं

नोव्हेंबरात मी तीसपैकी तीस वास ओळखले आणि एका दुपारीत माझं नाव 'नाक' पडलं.

आमच्या शेतकी शाळेत दरवर्षी ही स्पर्धा असते. डोळ्यांवर पट्टी, समोर तीस छोट्या कुप्या, प्रत्येकीत एक वास. ज्येष्ठमध, ओली लोकर, शिसपेन्सिलीचा भुसा, घोड्याचं खोगीर, असलं काहीही. आदल्या वर्षी जिंकलेल्या मुलाचे सव्वीस बरोबर होते. माझे तीस! पट्टी सोडली तर सगळा वर्ग बाकं बडवत होता. आणि मी, जी चार वर्षं हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची, ती चक्क बाकावर चढले आणि नाटकातल्या नटीसारखी कमरेत वाकून सगळ्यांना अभिवादन करून आले.

ती चार वर्षं मी का बोलत नव्हते, हे मला विचारू नका. धड कारण नव्हतंच. अकराव्या वर्षी मी गप्प झाले आणि मग गप्प राहणं सोपं वाटायला लागलं. आई जवळच्या लिबूर्न शहरात औषधाच्या दुकानात काम करते. तिने जगातले सगळे थेंब मला पाजून पाहिले. पापा आधी रागावले, मग घाबरले, मग त्यांनी विचारणंच सोडून दिलं. फक्त आजोबांनी कधी काही विचारलं नाही. ते अंगणापलीकडच्या खोलीत एकटे राहतात. दर रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे सूप प्यायला जायचे. आम्ही दोघं सूप प्यायचो, ते मांजराशी बोलायचे आणि मी ऐकायचे. झालं.

आणि नोव्हेंबरनंतर मी जी सुटले! आठवडाभर वसतिगृहात साठवलेलं सगळं शुक्रवारी घरी आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर ओतायचे. आई म्हणायची, "मायलिस, मधे एकदा श्वास घे गं." पापा सॅलडचा वास देऊन विचारायचे, "बोला नाकबाई, यात व्हिनेगर कुठलं?" आणि मी सांगायचे. बरोबर सांगायचे! आजोबा ब्रेडचा तुकडा चघळत माझ्याकडे बघत बसायचे. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं, पण त्या दिवसांत त्यांनी एकदाही "काय म्हणालीस?" म्हटलं नाही.

आता आमच्या द्राक्षवेलींचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे.

आमचे दोन तुकडे. एक खालचा, रस्त्याकडेचा, सपाट. वेली तरुण, घड भरभरून. दुसरा वरचा, टेकडीवर, चुनखडीच्या दगडावर. तो आजोबांनी पंधराव्या वर्षी त्यांच्या वडिलांबरोबर पहारीने एकेक खड्डा पाडून लावला. आज आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्या वेली पण वाकल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात आणि खालच्याच्या निम्मी द्राक्षं देतात. बोर्दोची लाल वाइन आता पूर्वीसारखी कोणी पीत नाही. आमच्या भागात घरटी कोणीतरी वेली उपटतंय, सरकारच त्याचे पैसे देतंय. पापांनी डिसेंबरात सांगून टाकलं, दोन तुकडे आपल्याच्याने होत नाहीत, एक जाणार.

"वरचा," पापा म्हणाले.

"खालचा," आजोबा म्हणाले.

नाताळभर घरात हे दोनच शब्द.

आजोबांचं म्हणणं असं की वरच्या तुकड्याची वाइन सावकाश होते, आणि झाली की तिच्यासारखी दुसरी नाही. पण हे दाखवायचं कसं? माझ्या जन्मापर्यंत दोन्ही तुकड्यांची द्राक्षं एकाच टाकीत जायची. मी जन्मले त्या वर्षी आजोबांनी पहिल्यांदा वरच्याची वेगळी वाइन केली आणि माझ्या नावाने दोन डझन बाटल्या तळघरात आडव्या ठेवल्या. मूल झालं की त्या वर्षाच्या बाटल्या ठेवायच्या, हे आमच्याकडे सगळेच करतात. आजोबांनी त्यात आपली एक भर घातली. मी दोन वर्षांची झाले तेव्हापासून, वेलवाल्यांचा संत व्हॅन्सां, त्याच्या सणाला दरवर्षी त्यातली एक बाटली उघडायची, सगळ्यांनी घोट घोट चाखायची आणि बाटल्यांच्या वरच्या दगडावर खडूने एक शब्द लिहायचा.

ते शब्द मला पाठ आहेत. पहिल्या वर्षी 'शाई'. मग 'काळी रानफळं'. मग 'व्हायोलेट', तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला बोट बुडवून चाटायला मिळालं होतं. मी म्हणे "फुलं!" असं ओरडले होते. मग 'ज्येष्ठमध'. मग 'दार लोटलं'. आणि त्याखाली, एकाखाली एक, आठ वेळा, 'गप्प'.

"चांगली वाइन अशीच असते, पिसू," आजोबा मला सांगायचे. लहानपणापासून ते मला पिसूच म्हणतात. "लहान असताना बडबडते. फळं, फुलं, सगळं एकदम सांगून टाकायचं असतं तिला. मग एक दिवस आत जाते आणि कडी लावून घेते. वास नाही, चव नाही, नुसता जिभेला चिकटणारा तुरटपणा. आत काय चाललंय कोणाला कळत नाही. आत तो तुरटपणा विरघळत असतो. मग कधीतरी बाहेर येते, पण तीच येत नाही. फळं गेलेली असतात. पावसात भिजलेली पानं, तंबाखू, जुनं चामडं, जमिनीखालची ट्रफल अळंबी... असलं सगळं घेऊन येते. आणि जीभ अशी गुळगुळीत होते, रेशमी."

"आणि नाहीच आली बाहेर तर?"

"काही बाटल्या नाहीच येत," ते म्हणायचे. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

जानेवारीत सणाच्या आधी पापा म्हणाले, "बाबा, आपण दोघं चाखणार, तुम्ही एक म्हणणार, मी दुसरं. परत भांडण."

"मग हिला विचार," आजोबा म्हणाले. "घरात नाक तिचंच आहे. बाटली उघडू, ती सांगेल. ती म्हणेल ते."

"कबूल?"

"कबूल."

आई म्हणाली, "अहो, पंधरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात काय घालताय!" पण मी तर हवेत होते. मला! मला विचारणार होते!

सणाच्या शनिवारी चर्चमधून आम्ही घरी आलो. सकाळी निघतानाच आजोबा मला म्हणाले होते, "बाटली आत्ताच उघडून काचेच्या रुंद कॅराफमध्ये ओतून ठेवतो. तिला हवा लागू दे. एवढी वर्षं बंद आहे ती."

आणि मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "काही नको, आजोबा. हवा घालून घालून जिवंत केलेली ती काय जिवंत? शाळेत आम्ही उघडली की लगेच नाकाला लावतो. तेच खरं."

बूच काढायचा पेच आजोबांच्या हातातच होता. मग त्यांनी तो परत खिशात टाकला.

दुपारी पापांनी दोन बाटल्या, लेबल दिसू नये म्हणून, आपल्या फुटबॉलच्या मोज्यांत घालून आणल्या. एक खालच्या तुकड्याची, तीन वर्षांची. दुसरी माझी. माझी तळघरातून थेट आलेली, थंडगार. पहिला पेला नाकाला लावला आणि मला हसूच आलं. चेरी, आलुबुखार, कॅरमेल, सगळे दारातच उभे! मी घडाघडा सांगत सुटले. पापा मान डोलवत होते.

मग दुसरा. वास घेतला. पेला फिरवला, परत घेतला. काही नाही. ओला दगड. थोडं लोखंड. तोंडात घेतली तर हिरड्या आवळल्या, आणि ती जशी आली तशी निघून गेली.

"मेलीय," मी म्हणाले.

"झोपलीय," आजोबा म्हणाले. अगदी हळू.

आणि मी, नाक, तीसपैकी तीस, म्हणाले, "झोपलेल्याला श्वास तरी असतो, आजोबा!"

पापा जोरात हसले. कित्येक आठवड्यांत ते असे हसले नव्हते. आईपण ओठ दाबून हसली. मी आजोबांकडे पाहिलं, त्यांना टोमणा आवडला का बघायला. तेही हसत होते.

"बोलायला शिकलीस, पिसू," ते म्हणाले.

पापांनी लगेच कॉम्प्युटर उघडला आणि वरचा तुकडा उपटायचा सरकारी अर्ज भरून टाकला. महिनाअखेरपर्यंत बदलता येतो, असं खाली लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "बदलायचंय काय आता!" आजोबांनी माझी बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली, बूच परत लावून उचलली. "सुपाला होईल," म्हणाले आणि अंगण ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले. कोबी-बटाट्याचं सूप, हंसाची चरबी घातलेलं. आमच्याकडची जुनी माणसं सूप संपत आलं की बशीत तळाला राहिलेल्या सुपात लाल वाइन ओततात, बशी दोन्ही हातांनी उचलतात आणि तोंडाला लावून पितात. आजोबा हे रोज करतात. मी शाळेतल्या गमती सांगत होते. आजोबांनी बूच काढलं आणि वाइन गरम सुपात ओतली.

आणि मी वाक्याच्या मधेच थांबले.

वाफेबरोबर तो वास आला. आधी मला वाटलं, बाहेरून येतोय. रानात पाऊस पडून गेल्यावर ओकच्या झाडांखाली पानांच्या थरातून येतो ना, तसा. मग त्याच्यामागून तंबाखूचा डबा उघडावा तसं काहीतरी. मग चामडं. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, व्हायोलेट. वाळलेली, पण तीच. मी चार वर्षांची असतानाची.

ती मेली नव्हती. तिला फक्त एक दिवस हवा होता.

आजोबांनी बशी उचलून तोंडाला लावली. त्यांचा चेहरा बशीआड गेला. एरवी दोन घोटांत संपतं ते. त्या दिवशी ती बशी खाली यायला खूप वेळ लागला. मी टेबलाची कड धरून बसले होते. बशी खाली आली तेव्हा त्यांनी बाहीने तोंड पुसलं, डोळेही पुसले. वाफेने त्यांचे डोळे नेहमीच ओले होतात.

"मीठ जास्त झालं आज," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

त्यांना काही कळलं नाही, असं मी ठरवून टाकलं. त्र्याहत्तर वर्षांचं नाक, त्यात सर्दी. ठरवायला ते बरं होतं.

सोमवारी पहाटेच्या बसने मी वसतिगृहावर गेले. आठवडाभर मनात एकच वाक्य घोळवलं. 'पापा, मी चुकले.' तीन शब्द. मग शनिवार, महिन्याचा शेवटचा दिवस. जेवायला शेजारचे गास्तोंकाका होते. पापा त्यांना सांगत होते, "अरे, बाबा आणि मी वर्षभर भांडलो असतो. पोरीने एका घोटात निकाल लावला! मास्तरपण इतक्या ठामपणे सांगत नाहीत."

"आणि ही तीच ना, जी आम्ही आलो की जिन्यावर जाऊन बसायची?" गास्तोंकाका म्हणाले.

"तीच!" पापा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी. आईचा चेहरा नुसता उजळला होता.

तीन शब्द तोंडापर्यंत आले होते, शपथ. मी चुकले म्हटलं की मी पुन्हा तीच होणार, जिन्यावरची, असं मला वाटलं. टेबलाच्या पलीकडे आजोबा बसले होते. ते माझ्याकडेच बघत होते. मी पाण्याचा पेला उचलला आणि गास्तोंकाकांना विचारलं, "तुमच्या घरच्या सॉसमध्ये जायफळ असतं ना? इथपर्यंत येतोय वास." सगळे हसले.

कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत होता. बंद.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मी बसमधून उतरले तेव्हा टेकडीवर यंत्र चालू होतं. त्याला पुढे लोखंडी काटा असतो. वेलीच्या बुडाशी तो घुसतो, एक झटका, आणि वेल वर येते. मी समजत होते की म्हाताऱ्या वेली सहज निघत असतील. नाही निघत. मुळं दगडाच्या फटीत किती खोल गेलेली. यंत्र पुढून उचललं जायचं, मागे यायचं, परत घुसायचं. मुळं तुटताना आवाज होत होता आणि हवेत त्यांचा वास होता, कच्चा, ओला, थोडा गोडसर. मला त्या वासाचं नाव सांगता आलं असतं. मी नाक झाकून घरी पळाले.

आजोबा त्या दिवशी ब्रेड आणायला गेले होते. गावातलं ब्रेडचं दुकान पाच मिनिटांवर आहे. ते चार तासांनी परत आले.

शनिवारी सकाळी ते वर गेलेले मला खिडकीतून दिसले. मी मागोमाग गेले. वेलींची खोडं कडेला रचून ठेवली होती. खड्ड्यांत पाणी साचलं होतं. आजोबा त्यांच्या मधून चालत होते आणि प्रत्येक खड्ड्यापाशी किंचित थांबत होते, ओळीत नेहमी चालायचे तसंच.

मी लांबूनच म्हणाले, "आजोबा, ती मेली नव्हती." आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "मला रविवारीच कळलं होतं. सुपात. महिना संपायला सहा दिवस होते आणि मी सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. पापा माझं कौतुक करत होते म्हणून."

ते वळले नाहीत.

"माहितीय," ते म्हणाले.

"काय माहितीय?"

"तू वाक्य अर्धवट सोडलंस. नोव्हेंबरपासून तू एकही वाक्य अर्धवट सोडलं नव्हतंस."

"म्हणजे तुम्हालाही..." मी दोन खड्डे ओलांडून त्यांच्याजवळ गेले. "तुम्हाला वास आला होता? मग तुम्ही का नाही बोललात? पापांनी ऐकलं असतं! बाटली त्यांच्या नाकाखाली धरायची होती नुसती!"

"धरली असती," आजोबा म्हणाले. "अंगणात दोनदा आलोही होतो, बाटली घेऊन. तू आत काहीतरी सांगत होतीस. तुझी आई हसत होती. तुझा बाप, माझा बेर्त्रां, हसत होता. मला खिडकीतून ऐकू येत होतं." त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. "मी आत जाऊन काय म्हणणार? की हिला काही कळत नाही, हिचं ऐकू नका? चार वर्षांनी पोरीने तोंड उघडलंय आणि पहिल्याच मोठ्या गोष्टीत..."

"पण तुमच्या वेली होत्या!"

"होत्या."

"अठ्ठावन्न वर्षं, आजोबा!"

"मोजता येतं मला."

मी रडायला लागले. छान, देखणं रडणं नव्हे. नाक गळतंय, बाहीने पुसतेय, असलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. बरं झालं. घेतलं असतं तर मला सहन झालं नसतं. ते एका खोडावर बसले, हळूहळू, गुडघ्यांवर हात टेकून.

"आणि मी तुला संधी दिली होती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "गास्तों आला त्या दिवशी. मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता बोलेल. मी चूक केली की नाही, हे माझं मलाही कळत नाही, पिसू. मी बोलायला हवं होतं की काय..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

खाली आमच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. दहा बाटल्या अजून तळघरात आहेत. दरवर्षी त्या आणखी चांगल्या होत जातील, वीस वर्षं, तीस वर्षं. दरवर्षी मी एक उघडेन आणि ती मला आदल्या वर्षीपेक्षा जास्त सांगेल की मी काय केलं.

"मी पापांना सांगते," मी म्हणाले. "आजच. आत्ता जाऊन."

"सांग. पण जेवण झाल्यावर. त्याला जेवू दे."

मी मान हलवली आणि निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"मायलिस."

ते मला नावाने कधीच हाक मारत नाहीत.

"मला पूर्ण नाही आला तो वास. ओली पानं आली. तंबाखू आला. खाली आणखी काहीतरी होतं, ते निसटलं माझ्या हातून. म्हातारं नाक." त्यांनी शेजारच्या खोडावर हात थोपटला. "ये. बस. सांग मला काय काय होतं."

मी बसले. खोड ओलं होतं. मी ओल्या पानांपासून सुरुवात केली, मग तंबाखू, मग चामडं, आणि व्हायोलेटपर्यंत आले तेव्हा शब्द एकमेकांवर आदळायला लागले. मी भराभर पुढे जायला बघत होते, संपवून टाकायला.

"हळू," आजोबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "घाई कसली आता."

मी परत पहिल्या वासापासून सांगायला लागले.